अंगठा मागे, सूर पुढे : लेव्हल ४२ च्या 'समथिंग अबाउट यू'चं प्रकरण

१९८५ च्या उन्हाळ्यात लेव्हल ४२ या ब्रिटिश बँडचा 'अ फिजिकल प्रेझेन्स' हा दुहेरी अल्बम आला. मैफलीत वाजलेलं तसंच्या तसं मुद्रित केलेलं. गाणी ऐसपैस लांबतात, बेस गिटार मधूनच सगळ्यांना मागे सारून एकटी धावत सुटते, ड्रम तिचा पाठलाग करतात आणि प्रत्येक वळणावर श्रोते ओरडतात. हा बँड पाच वर्षं ज्या लोकांसाठी वाजवत होता, त्यांना हवं ते सगळं त्यात भरलेलं आहे. मग सप्टेंबरात त्याच चौघांचं 'समथिंग अबाउट यू' हे सिंगल आलं. त्यात बेसचा एकल तुकडा नाही, दमसास दाखवण्याची एकही जागा नाही. गाणं ब्रिटनच्या विक्रीयादीत ६ व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ७ व्या.

एकाच वर्षातल्या या दोन रेकॉर्डमध्ये काय घडलं, हा या प्रकरणाचा विषय. जुन्या चाहत्यांनी तेव्हा दिलेलं उत्तर सोपं होतं : जॅझ-फंकचा, म्हणजे जॅझचे सूर आणि फंकचा नाचता ठेका मिसळणारा बँड पॉपला विकला गेला. मी स्वतः बेस वाजवतो. वाजवायला शिकताना मलाही बरीच वर्षं हेच उत्तर पटत होतं, कारण त्या वयात जिथे बोटं सगळ्यात जोरात पळतात तिथेच संगीत आहे असं वाटतं. हे गाणं सुटं करून, एकेक वाद्य वेगळं ऐकायला लागलो तेव्हा ते उत्तर टिकेना.

बेट आणि वाद्यांचं दुकान

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट हे बेट आहे. उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्यांची झुंबड, एरवी शांत. १९७० च्या ऑगस्टमध्ये या बेटावरच्या प्रचंड महोत्सवात जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आपल्या विजेच्या वाद्यांचा ताफा घेऊन वाजवून गेला होता. बेटावरच्या काउज गावात जन्मलेला मार्क किंग, पुढे या बँडचा बेसवादक, तेव्हा अकरा वर्षांचा होता. फिल आणि बून हे गूल्ड बंधूही याच बेटावर वाढले. फिल ड्रम वाजवायचा, बून गिटार. फिल पुढे लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकायला गेला आणि तिथे त्याला माइक लिंडप भेटला. लिंडपची आई नादिया कॅटूस ही बेलीझमधून ब्रिटनमध्ये आलेली अभिनेत्री आणि गायिका, वडील डेव्हिड लिंडप संगीतकार. घरातच संगीत असलेला, पियानोवर शास्त्रशुद्ध हात बसलेला आणि वरच्या पट्टीत सहज गाणारा हा मुलगा या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे.

किंग मूळचा ड्रमर. त्याचे आदर्शही ड्रमरच, विशेषतः महाविष्णू ऑर्केस्ट्रात वाजवणारा बिली कॉबम. (त्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख जॉन मॅक्लॉक्लिन, ज्याने पुढे मुंबईच्या झाकिर हुसेनना सोबत घेऊन 'शक्ती' उभी केली. आपल्याकडच्या ज्यांनी 'शक्ती' ऐकली आहे, त्यांना लेव्हल ४२ च्या सुरुवातीच्या रेकॉर्डमधली लयीची ओढ अनोळखी वाटणार नाही.) पण बँडमध्ये ड्रमर आधीच होता, फिल. एका बँडात दोन ड्रमर बसत नाहीत, म्हणून किंगने बेस उचलली.

लंडनमध्ये तो वाद्यांच्या दुकानात नोकरी करत होता. तिथे येणारे अमेरिकन वादक बेस हातात घेऊन अंगठ्याने तार आपटून दाखवायचे आणि हा बघत राहायचा. अंगठ्याची ही पद्धत अमेरिकेत लॅरी ग्रॅहम या बेसवादकाने रूढ केली होती. आईच्या संचात ड्रमर नव्हता, म्हणून त्याने जाड तारेवर अंगठा आपटून मोठ्या ड्रमची आणि पातळ तार बोटाने उचलून सोडून छोट्या ड्रमची जागा भरली. किंगला ही युक्ती लगेच कळली, कारण तो ड्रमच्याच भाषेत विचार करत होता. त्याने त्यात स्वतःची भर घातली : उजवा अंगठा तार मारतो, डाव्या हाताची बोटं मधल्या वेळात तारांवर थोपटतात. सूर न येता नुसता टक् असा आवाज. तबल्यावर डग्गा आणि चाट यांच्या मध्ये हलकी बोटं भरत जावीत, तसे हे मुके ठोके एका मात्रेचे चार भाग भरून काढतात. त्याच्या बेसवर तारा नेहमीपेक्षा पातळ असायच्या, त्यामुळे आवाज धातूसारखा खणखणीत यायचा. वाद्य सूर देतं आणि ठेकाही धरतं. पुढे लोक फक्त हा अंगठा पाहायला तिकीट काढू लागले.

बँडचं नाव ४२ या आकड्यावरून, आणि तो आकडा डग्लस ॲडम्सच्या विज्ञानकथेतला : जीवन, विश्व आणि इतर सगळं यांविषयीच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर.

१९८० मध्ये अँडी सोज्का या माणसाने त्यांना ऐकलं. वायव्य लंडनच्या हार्ल्सडनमध्ये त्याचं 'ऑल इअर्स' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि 'एलिट' हा रेकॉर्ड काढणारा छोटा लेबल तो चालवायचा. त्याला त्यांची एक वाद्यरचना आवडली, पण त्याने सांगितलं की यावर गाणं हवं. बँडमध्ये गायक नव्हता. मग किंग आणि लिंडप गायला लागले, आणि त्यातून 'लव्ह मीटिंग लव्ह' हे पहिलं सिंगल झालं. ते ६१ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मोठ्या पॉलिडोर कंपनीने बँडला करारात घेतलं.

या प्रसंगावर मी मुद्दाम थांबतो. 'विकले गेले' या आरोपामागे असं गृहीत आहे की आधी एक शुद्ध वाद्यसंगीताचा बँड होता आणि १९८५ मध्ये त्यावर शब्द लादले गेले. प्रत्यक्षात शब्द पहिल्या दिवसापासून आहेत, आणि ते कोणा मोठ्या कंपनीने मागितलेले नसून क्लबसंगीतावर जीव असलेल्या एका दुकानदाराने मागितले होते.

क्लबमध्ये मान, रेडिओवर पाहुणे

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये जॅझ-फंकची स्वतःची वेगळी दुनिया होती. अमेरिकेहून आलेल्या बारा इंची तबकड्या शुक्रवारी दुकानात पोहोचायच्या आणि त्यासाठी पोरं रांगा लावायची. शनिवारी दुपारी बीबीसी रेडिओ लंडनवर रॉबी व्हिन्सेंटचा कार्यक्रम. दिवसभर चालणारे नाचाचे मेळे. १९७९ पासून नॉरफोकच्या किनाऱ्यावर कॅस्टर इथे भरणारा सोल वीकेंडर, म्हणजे सोल संगीताचा शनिवार-रविवारचा मेळा. लंडनच्या मध्यवस्तीतल्या कित्येक क्लबच्या दारांत कृष्णवर्णीय तरुणांना अडवलं जायचं, अशा काळात या मेळ्यांत गोरे आणि काळे एकत्र नाचत होते. हाय-टेन्शन, लाइट ऑफ द वर्ल्ड, लिंक्स, फ्रीझ, शाकाटाक हे सगळे बँड याच मातीतले.

अडचण अशी की क्लबमध्ये सात मिनिटं चाललेली चीज रेडिओवर चालत नसे. दिवसभर देशभर ऐकू जाणाऱ्या रेडिओ १ ला साडेतीन-चार मिनिटांत संपणारं, गुणगुणता येईल असं गाणं हवं असायचं. नाचणाऱ्याला ठेका पुरतो. स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकणाऱ्याला मुखडा लागतो. हे दोन श्रोते एकाच घरात राहत असले तरी त्यांचं ऐकणं वेगळं.

या बँडांनी ही दरी वेगवेगळ्या रीतीने ओलांडली. फ्रीझचं 'सदर्न फ्रीझ' १९८१ मध्ये ८ व्या क्रमांकावर गेलं होतं. दोन वर्षांनी ते न्यू यॉर्कच्या आर्थर बेकर या निर्मात्याकडे गेले आणि 'आय. ओ. यू.' घेऊन परत आले. यंत्रांवर उभं असलेलं ते गाणं २ ऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं, पण त्यात जुन्या बँडची खूण शोधावी लागते. शाकाटाकने उलट केलं. बिल शार्पचा पियानो धून वाजवणार आणि स्त्रियांचे आवाज चार-दोन ओळी गाणार, हा साचा त्यांनी 'नाइट बर्ड्‌स'मध्ये पक्का केला. ते गाणं १९८२ मध्ये ९ व्या क्रमांकावर आलं आणि मग त्यांनी तो साचा सोडला नाही. लाइट ऑफ द वर्ल्डमधून फुटून निघालेल्या, मॉरिशसच्या ब्लूई मोनिकने चालवलेल्या इन्कॉग्निटोला पहिल्या दहात येण्यासाठी १९९१ उजाडलं. 'ऑल्वेज देअर' ६ व्या क्रमांकावर गेलं, तेही जोसेलिन ब्राउनचा दणदणीत आवाज पाहुणा म्हणून आणल्यावर.

म्हणजे एकाने बँड बाजूला ठेवला, दुसऱ्याने सूत्र गोठवलं, तिसऱ्याने बाहेरून गळा आणला. लेव्हल ४२ ने यातलं काहीच केलं नाही, म्हणून मला त्यांचं प्रकरण या सगळ्यांत जास्त अभ्यासावंसं वाटतं. त्यांनी आपल्याच माणसांची जागा बदलली.

ती एका झटक्यात बदलली नाही. 'लव्ह गेम्स' १९८१ मध्ये ३८ पर्यंत गेलं, 'द चायनीज वे' २४ पर्यंत. १९८३ मध्ये कंपनीने त्यांना लॉस एंजेलिसला पाठवलं आणि अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकन बँडचे लॅरी डन आणि व्हर्डिन व्हाइट यांनी 'स्टँडिंग इन द लाइट' हा अल्बम घडवला. त्यातलं 'द सन गोज डाउन' १० व्या क्रमांकावर आलं, त्यांचं पहिल्या दहातलं पहिलं गाणं. अर्थ, विंड अँड फायर म्हणजे एक भारदस्त आवाज आणि त्यावर तरंगणारा एक अतिशय उंच, नाजूक आवाज, मॉरिस व्हाइट आणि फिलिप बेली. लेव्हल ४२ कडे हे दोन आवाज घरातच होते. पुढे दोन वर्षांनी त्यांनी त्या जोडीचा केलेला वापर ऐकला की लॉस एंजेलिसची ती फेरी फुकट गेली नव्हती असं मला ठामपणे वाटतं.

मंचावर चार, स्टुडिओत पाच

लेव्हल ४२ च्या छायाचित्रांत चौघे असतात. रेकॉर्डवर पाच जण आहेत. पाचवा वॉली बदारू, पॅरिसमध्ये जन्मलेला, बेनिन देशाच्या वंशाचा की-बोर्डवादक. १९७९ मध्ये जगभर वाजलेल्या 'पॉप म्युझिक' या गाण्यातले सिंथेसायझर त्याचे. ते गाणं गाजवणाऱ्या रॉबिन स्कॉटच्या कामातूनच फिल गूल्डची आणि त्याची ओळख झाली. ऐंशीच्या दशकात बदारू बहामाजमधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गायिका ग्रेस जोन्ससारख्यांसाठी वाजवत होता. लेव्हल ४२ च्या पहिल्या अल्बमपासून तो त्यांच्यासोबत आहे, रचनांत सहलेखक आहे आणि 'वर्ल्ड मशीन' या १९८५ च्या अल्बमचा बँडसोबतचा सहनिर्माताही आहे. दौऱ्यावर मात्र तो जात नसे.

या प्रकरणाची किल्ली मला इथे सापडते. मंचावर वाजवणारा माणूस गाणं बांधताना नकळत मंचाचा विचार करतो : इथे टाळ्या पडतील, इथे माझा तुकडा. बदारूला मंचावर काही सिद्ध करायचं नव्हतं. रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या कानात काय उरेल एवढंच त्याच्यासमोर होतं. शिवाय १९८५ पर्यंत सिंथेसायझर आणि यंत्रावर बसवलेला ठेका या गोष्टी इतक्या सुधारल्या होत्या की चौघांनी एकत्र उभं राहून वाजवण्याऐवजी एकेक थर चढवत गाणं रचणं सहज झालं होतं. 'वर्ल्ड मशीन' असा बांधलेला आहे. नावातच यंत्र आहे.

गाणं उघडून पाहिलं तर

'समथिंग अबाउट यू' मध्यम लयीचं आहे. चार मात्रांचा सरळ ठेका, पाय आपोआप हलतो. ड्रमवर फिलने काही कसरत केलेली नाही. पण हा सरळपणा कच्च्या हाताचा नाही. याच माणसाने आधीच्या रेकॉर्डमध्ये काय वाजवलंय ते ऐकून मग हे ऐका, म्हणजे तो काय काय गाळतो आहे ते कळतं.

बेस ऐकताना मला आधी निराशा आली होती, ती इथे नोंदवतो. तो प्रसिद्ध अंगठा कुठे गेला? आहे, पण कामाला लावलेला आहे. स्वर आखूड आहेत, तोडलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. त्या जागेत मुके ठोके भरत राहतात, इतके हळू की पहिल्यांदा ऐकताना ते ड्रमचाच भाग वाटतात. गाणं चालू असताना तुम्ही बेसकडे लक्ष देत नाही, पण ती काढून ऐकलं की गाणं जागच्या जागी खिळतं. मैफलीत हाच अंगठा पुढे येऊन गाणं थांबवतो, इथे मागे जाऊन गाणं चालवतो. हे वाजवायला जास्त अवघड आहे. वेगाने वाजवताना छोटी चूक वेगात लपते. आखूड स्वर दोन केस लांब पडला तरी सगळ्या ओळीचा तोल जातो. आणि हे वाजवणारा माणूस त्याच वेळी गातोय, वेगळ्या वजनाची ओळ. मी हे जमवायचा प्रयत्न केला आहे. तोंडातले शब्द हाताच्या मागे धावायला लागतात.

आता सूर. साध्या पॉप गाण्यात तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, फिरत राहतात आणि कानाला पुढचा मुक्काम आधीच माहीत असतो. इथे कॉर्डमध्ये सातव्या, नवव्या स्वरांची भर आहे, त्यामुळे त्यांचा रंग ना पूर्ण उदास, ना पूर्ण उजळ. मुक्काम जिथे वाटतो तिथून वाट थोडी वळते. ही सगळी जॅझची शिदोरी आहे. क्लबच्या रेकॉर्डमध्ये ती लांबलचक वादनाला पाया म्हणून वापरली जायची, इथे ती चार ओळींच्या चालीखाली घातली आहे. ऐकणाऱ्याला काही वेगळं चाललंय हे कळत नाही. फक्त दहाव्यांदा ऐकूनही गाणं शिळं होत नाही एवढं कळतं.

बूनची गिटार छोट्या, दाबलेल्या स्वरांची. सिंथेसायझरचे थर मागे पसरलेले, कुठेही अंगावर न येणारे.

आणि मग दोन आवाज. कडव्यांत किंग गातो, खालच्या पट्टीत, थोडा खरखरीत, जवळजवळ बोलल्यासारखा. तो घडवलेला गायक नाही आणि ते ऐकू येतं, पण त्यामुळेच तो शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. मग लिंडपचा उंच, पातळ आवाज येतो आणि छत एकदम वर जातं. धृपदात दोघे एकत्र येतात. या बदलात गाण्याचं सगळं नाट्य आहे. आधीच्या रेकॉर्डमध्ये उंचीचा हा धक्का बेस आणि की-बोर्डचे एकल तुकडे द्यायचे. इथे ती जबाबदारी आवाजांच्या अदलाबदलीने घेतली. बँडने नाट्य सोडलं नाही, ते वाद्यांकडून गळ्यांकडे सोपवलं.

शब्दांबद्दलही सांगायला हवं, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९८५ ची बहुतेक प्रेमगीतं नव्याने प्रेमात पडण्याची किंवा सोडून गेल्याची. हे गाणं मधल्या काळाचं आहे. नातं जुनं आहे, जपून घडवलेलं आहे, तरी दुखावलं गेलंय, आणि गाणारा विचारतोय की असं कसं झालं. माणूस आहोत तर चुकणारच, हे तो मान्य करतो. वर्षं सरतात तसा गोंधळ वाढतो, हेही मान्य करतो. आणि एवढं होऊनही समोरच्या व्यक्तीत काहीतरी आहे ज्यामुळे पाय निघत नाही. त्या 'काहीतरी'ला नाव दिलेलं नाही. लेव्हल ४२ चे बहुतेक शब्द गूल्ड बंधूंच्या हातचे असत आणि त्या दोघांचा कल आत वळून पाहण्याकडे. नाचायच्या गाण्यात इतके प्रौढ शब्द क्वचित येतात. वयाच्या विशीत मला ते कळले नव्हते.

पलीकडच्या किनाऱ्यावर

ब्रिटनमध्ये त्याच शरद ऋतूत जेनिफर रशचं 'द पॉवर ऑफ लव्ह' पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. तशा भावनेच्या महापुरात लेव्हल ४२ चं संयमी गाणं ६ पर्यंत चढलं हे मला त्या ६ या आकड्यापेक्षा मोठं वाटतं. 'वर्ल्ड मशीन' अल्बम ३ ऱ्या क्रमांकावर आला. त्यातलं पुढचं सिंगल 'लीव्हिंग मी नाऊ' १५ वर.

अमेरिकेत गाणं पोहोचायला अर्धं वर्ष लागलं. तिकडे एमटीव्हीमुळे ब्रिटिश बँडांना दार उघडं झालं होतं, पण दारातून आत जायला चित्रफीत लागायची. स्टुअर्ट ऑर्मने केलेल्या चित्रफितीत अभिनेत्री शेरी लुंघी आहे, आगगाडीचा डबा आहे आणि किंग रंगवलेल्या चेहऱ्याने जुन्या नाट्यगृहातला विदूषक झालेला आहे. गाण्याच्या शब्दांतली अस्वस्थता त्यात बऱ्यापैकी उतरली आहे. नाचघरांसाठी शेप पेटीबोनने वेगळी लांब आवृत्ती करून दिली. तिकडच्या 'वर्ल्ड मशीन'मध्ये काही गाणी बदलून आधीच्या 'ट्रू कलर्स' अल्बममधली घातली, कारण अमेरिकन श्रोत्याला हा बँड नवाच होता. १९८६ च्या वसंतात गाणं ७ व्या क्रमांकावर गेलं, अल्बम १८ व्या. अमेरिकेत पहिल्या दहात गेलेलं त्यांचं हे एकमेव गाणं.

पुढचं सगळं भराभर घडलं. १९८६ च्या एप्रिलमध्ये 'लेसन्स इन लव्ह' आलं, ब्रिटनमध्ये ३ ऱ्या क्रमांकावर, जर्मनीसह इतर काही देशांत पहिल्या. १९८७ मध्ये 'रनिंग इन द फॅमिली' अल्बम २ ऱ्या क्रमांकावर. क्लबमधला बँड आता मोठमोठ्या सभागृहांचा झाला होता.

ज्यांच्या हातचं काम कमी झालं

१९८७ संपता संपता फिल आणि बून, दोघे भाऊ बँडमधून बाहेर पडले. सततच्या दौऱ्यांचा शीण होता आणि बँड पॉपकडे कुठवर जाणार यावर मतभेद होते. हे तेव्हापासून सर्वांना माहीत आहे. त्यांच्या जागी ड्रमवर गॅरी हजबंड आणि गिटारवर ॲलन मर्फी आले. दोघे अत्यंत तयारीचे वादक. १९८८ चा 'स्टेअरिंग ॲट द सन' अल्बम याच रचनेतला. मर्फी १९८९ च्या ऑक्टोबरात वारला.

जुने चाहते इथे बोट ठेवतात : बघा, पॉपने बँड मोडला. मला हे निम्मं बरोबर वाटतं, आणि उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं वाटतं.

'समथिंग अबाउट यू'मध्ये प्रत्येकाने काही सोडलं हे खरं. पण सोडलेलं सगळ्यांना सारखं परत मिळालं नाही. किंगने बेसचा तोरा सोडला, त्या बदल्यात तो गाण्याचा आवाज आणि चेहरा झाला. मंचावर तर अंगठाही त्याच्याकडेच राहिला. लिंडपने की-बोर्डचे लांब तुकडे सोडले आणि त्याला गाण्यातली सगळ्यात उंच जागा मिळाली. बदारूला स्टुडिओ मिळाला. फिलच्या वाट्याला काय आलं? जो ठेका तो वेगवेगळ्या अंगांनी फुलवत असे, तो आता सरळ धरायचा, आणि यंत्राच्या सोबतीने धरायचा. बूनची गिटार थरांच्या मध्ये आखूड होत गेली. शब्द त्या दोघांचे, पण लोकांच्या लेखी शब्द गाणाऱ्याचे असतात. रेकॉर्ड स्टुडिओत थराथराने बनत असताना, आपण वाजवलं नसतं तरी हे झालंच असतं, हा विचार ड्रमरच्या मनात येणं मी समजू शकतो. दौऱ्यावर रात्रीमागून रात्र तेच सरळ वाजवताना तो विचार वाढत जाणार. त्यांच्या मनात काय चाललं होतं याची ही माझी कल्पना आहे. पण वादक म्हणून गाणं ऐकताना मला ती जागा दिसते.

म्हणून मी गाण्याला दोष देत नाही. गाण्याची रचना निर्दोष आहे आणि ती त्यातल्या प्रत्येकाच्या संयमावर उभी आहे, फिलच्या तर सगळ्यात जास्त. चूक मला पुढे दिसते : या एका गाण्यासाठी केलेली कामाची वाटणी यश मिळाल्यावर कायमची झाली. एका बैठकीत कुणीतरी साथीला बसावं हे ठीक. पुढच्या सगळ्या बैठकांत त्यानेच साथीला बसावं हे त्याच्याशी न बोलता ठरून जातं, तेव्हा माणसं उठून जातात. ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात, नाटकाच्या संगीतपथकात, जिथे जिथे मी वाजवलं आहे तिथे हे पाहिलं आहे.

भाऊ गेले, पण नातं पूर्ण तुटलं नाही. फिल १९९४ च्या 'फॉरेव्हर नाऊ' अल्बमसाठी परत येऊन वाजवून गेला. त्याच वर्षी बँड थांबला. २००१ च्या सुमारास किंगने तो पुन्हा उभा केला, काही वर्षांनी लिंडपही परतला. बून बँडमध्ये परतला नाही. पण २००६ मध्ये 'रेट्रोग्लाइड' हा अल्बम आला, तेव्हा किंग शब्दांसाठी त्याच्याकडेच गेला होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये बून गूल्ड गेला. बँड आजही मैफली करतो. 'समथिंग अबाउट यू' वाजतं, किंगची बेस मागे राहून टक्-टक् करत असते, आणि लिंडपच्या उंच जागेवर सभागृहातले लोक गायला लागतात, बहुतेकांना तिथवर पोहोचता येत नाही तरीही.